दर तीन तासांनी

१ नोव्हेंबर, शनिवार

तक्ता झाला! सहा, नऊ, बारा, तीन. दर तीन तासांनी पाजायचं, एका बाजूला दहा मिनिटं, मग दुसरी. ड्रॉइंग पेपरवर लाल-निळ्या शाईने लिहून फ्रिजवर चिकटवला. बावीस वर्षं शाळेचं वेळापत्रक केलं. एका लेकीचं आणि तिच्या नऊ दिवसांच्या पोरीचं जमणार नाही?

संचिता म्हणाली, "आई, हिला घड्याळ कळत नाही गं."

म्हटलं, पहिलीतल्या पोरांनाही कळत नव्हतं. कळायला लागतं.

हे पेपरामागून हसले.

४ नोव्हेंबर, मंगळवार

बारसं झालं. नाव नयन. माजिवड्याहून जावई अपूर्व आणि विहीणबाई सकाळीच आल्या. शिऱ्याला रवा कमी पडला, फळीवरच्या जुन्या पत्र्याच्या डब्यातला काढला.

पाहुण्यांपुढे नयन अकरापासून रडत होती. मी म्हटलं, बाराला पाजायचं आहे, थांब. विहीणबाई म्हणाल्या, "पोर सुकलंय हो. सुनेचं दूध पातळ दिसतंय. वरचं द्या थोडं." बाटली पिशवीतून घेऊनच आल्या होत्या! पोरगी ती प्यायली आणि बाराला झोपली. तक्ता चुकला.

संचिताचा चेहरा एवढासा झाला. मग मीच बोलले, "आमच्याकडे असं नसतं हो कलावतीबाई. मी हिला सव्वा वर्ष पाजलंय."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घुगऱ्या वाटायला उठले.

६ नोव्हेंबर, गुरुवार

संचिताच्या बोंडांना चिरा पडल्यात. पाजताना पायाची बोटं आवळून धरते. दुपट्याला रक्ताचा डाग दिसला. मी म्हटलं, "सोसायला लागतं." म्हटल्यावर वाटलं, हे बोलायची गरज नव्हती. संध्याकाळी डावी बाजू दगडासारखी कडक.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

हौसाबाई मालिशला आली तेव्हा तिला दाखवलं. ठाकुर्लीतल्या निम्म्या बाळंतिणी हिच्या हाताखालून गेल्यात. "गाठ धरलेय बाय. रगडल्याशिवाय नाय सुटायची." कोमट तेल लावून अंगठ्याने रगडलं. संचिता ओरडली. मी तिचे हात धरून ठेवले. हो, मीच.

जाताना हौसाबाई म्हणाली, "या बाजूचं देऊ नका आता. नासलंय ते."

हे वाक्य पूर्वी एकदा ऐकलं आहे. कुठे, ते लिहायचं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

संचिताला एकशे दोन ताप. दोन दुलया घालूनही हुडहुडी. डावीकडे लालभडक चट्टा. रिक्षा करून दवाखान्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सूज आहे, त्यात जंतू शिरलेत. गोळ्या देते. पाजणं थांबवू नका, डाव्या बाजूनेही पाजा."

मी म्हटलं, ते दूध नासलेलं असतं ना?

"दूध नासत नाही, आजी. आत अडकतं."

बाकावर जाऊन बसले. अडकतं. एवढंच?

पाजायचं कसं ते शिकवायला उद्या घरी एक मुलगी पाठवतायत.

९ नोव्हेंबर, रविवार

दार उघडलं तर, "बाई! ओळखलंत का? ऋतिका म्हात्रे, आठवी ब. तुमच्या तासाला दोनदा बाकावर उभी राहिलेली!"

आठवण होती. दोनदा नाही, तीनदा.

पाण्याचा ग्लास घेतानाच तिची नजर फ्रिजवर गेली. "बाई, हे आधी काढा." माझ्याशी या सुरात शाळेत शिपाईसुद्धा बोलला नाही. पण पुढे जे बोलली, ते एकेक बरोबर होतं. पोरीला भूक लागते तेव्हा पाजलं नाही, की दूध साठतं. साठलं की छाती कडक होते. कडक छाती तान्ह्या तोंडात मावत नाही, म्हणून ती नुसतं बोंड चावते. मग चिरा. चिरा पडल्या की आई अंग चोरते, दूध आणखी आत राहतं. त्यात वरची बाटली, म्हणजे पोरगी ओढणार कमी. आणि सुजलेल्या जागी रगडणं!

"म्हणजे चूक माझी," मी म्हटलं.

"बाई, चूक कुणाची विचारायला नाय आलीय मी. उशी द्या एक."

मग नयनला पोटाला पोट लावून धरायला लावलं. जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत थांबवलं. हनुवटी आधी टेकवली, बोंडाभोवतीचा काळा भागही तोंडात गेला. सुजेवर थंड पट्टी. संचिताचे खांदे खाली आले.

"दुखतंय आई... पण तसं नाही दुखत."

घटाघट गिळण्याचा आवाज आला. मी स्वयंपाकघरात गेले.

१० नोव्हेंबर, सोमवार

तक्ता काढला. हौसाबाईला सांगितलं, पाठ आणि पाय, बस्स. "शिकलेल्या बायांचं बाय नवंच कायतरी!" म्हणाली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ताप गेला, चट्टाही फिकटला. आज उजवीकडे नवी गाठ. छोटीशीच, ऋतिका फोनवर म्हणाली, पाजत राहा, उतरेल. पण संचिता खचली. "मी बंद करते. सासूबाई म्हणाल्या, गोळी मिळते आटायची."

म्हटलं, थकली असशील तर कर बंद. वरच्या दुधावरही मुलं चांगली वाढतात.

तर माझ्यावरच उसळली. "तू नको सांगूस! सव्वा वर्ष पाजलंस तू मला. मला तीन आठवडे धड जमेना. मी आईच नाहीये नीट."

उपम्याला रवा काढायला फळीवर हात गेला आणि डब्यावरच राहिला. हे मागे येऊन उभे. "सांगून टाक."

"काय?"

"मी आणलेत ते डबे, मला विचारतेस?"

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगितलं. जे या वहीतही कधी लिहिलं नाही. हिच्या वेळी मलाही पंधराव्या दिवशी ताप, डावीकडे गाठ. माझी आईच म्हणाली, नासलंय, देऊ नकोस. नर्सने घड्याळ लावून दिलं होतंच. एकोणीस दिवसांत दूध गेलं. सव्वा वर्ष पाजलं ते या डब्यातल्या पावडरीचं. रव्याचा डबा तिच्या मांडीवर ठेवला. गंजलेल्या पत्र्यावर बाळाचा अर्धा गाल अजून दिसतो.

वाटलं, चिडेल. डबा फिरवून फिरवून बघत राहिली. मग बोटं मोजली.

"एकोणीस? अगं आई, माझे आज बावीस झाले!"

आणि नयनला उचलून घेतलं.