पासेआला, म्हणजे तिला फिरवून आण

३ जानेवारी
ऋतिकाचं लग्न २ फेब्रुवारीला, शिरूरला. रिसेप्शनला बाप-लेकीचा डान्स हवा म्हणते, तोही क्यूबा देशाचा. तिची आई, चांगुणा, जाऊन दीड वर्ष झालं. पोरीचं मन मोडवेना. मला स्वतःला नाचाचं तसं काही वाटत नाही.

५ जानेवारी
दौंडात क्लास लावला. शितल मॅडम म्हणाल्या, स्टेपचं नाव पासेआला, म्हणजे ‘तिला फिरवून आण’. जोडीदारणीचा हात धरून चालायचं, बस! बत्तीस वर्षं रेल्वेत कीमन होतो, रोज रुळांच्या चाव्या ठोकत चाललोय. मला कोण चालायला शिकवणार? आठ दिवसांचं काम.

९ जानेवारी
पाऊल लांब पडतं. रुळांखालच्या स्लीपर ते स्लीपर. हॉलच लहान आहे.

१३ जानेवारी
प्रकार तीन. तिला पुढून न्यायचं, पाठीमागून न्यायचं, हात बदलून परत आणायचं. मूळ म्हणे असं, की तिकडच्या जुन्या नाचात जोड्या मध्येच नाच थांबवून हॉलभर फेरी मारायच्या. चांगुणाही जेवण झालं की म्हणायची, स्टेशनपर्यंत फेरी मारून येऊ. मी म्हणायचो, दिवसभर चालूनच आलोय. याचा डान्सशी संबंध नाही. उगाच लिहिलं.

१७ जानेवारी, सकाळी ६
अंगणात खुर्चीचा हात धरून प्रॅक्टिस. मागून आवाज आला, “अवो, दमानं चाला की.” शेजाऱ्यांचा टीव्ही.

१८ जानेवारी
शेजारी आठवडाभर कुरकुंभला लेकीकडे आहेत. मग कुणाचा तरी मोबाईल असेल.

२४ जानेवारी
मॅडम चिडल्या. म्हणाल्या, काका, तुम्ही हात सोडून एकटेच पुढे जाता. आता आमच्यात बाई मागूनच चालते, त्याला मी काय करू?
सकाळी अंगणात मागून चपला वाजल्या. एक फरफटत होती. चांगुणाच्या चपलेचा अंगठा तुटला होता, उद्या शिवून आणतो म्हणालो होतो. मागे वळलो नाही. वळलो तर आवाज थांबेल, असं वाटलं.

१ फेब्रुवारी
तयारी फुल. उद्या शिरूर बघत राहील.

२ फेब्रुवारी
पहिल्या दोन फेऱ्या झकास. मग हात कधी सुटला कळलं नाही. मी चालतच राहिलो, स्टेज उतरून थेट गुलाबजामच्या काउंटरपर्यंत. लोक हसायला लागले. मागून आवाज आला, “पप्पा, दमानं चाला की.” तोच आवाज. या वेळी वळलो. ऋतिका आईची हिरवी साडी नेसून स्टेजवर एकटी उभी, हात पुढे केलेला तसाच. मी पोचेपर्यंत गाणं संपलं.

४ फेब्रुवारी, सकाळी ६
अंगणात हळूहळू चाललो. चारदा थांबलो, चारदा वळलो. आवाज नाही.
दहा वाजता चप्पल शिवायला टाकली. दुकानदाराने विचारलं, कुणाची? मंडळींची म्हणालो. कधीपर्यंत पाहिजे? म्हटलं, घाई नाही.