कोपऱ्यातली खुर्ची

अहो,

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. खाली सोसायटीच्या आवारात मांडव उभा राहिलाय, तुमच्याच माणसांनी घातलेला. वरून पाहिला आणि राहवेना, म्हणून लिहायला बसले. वर्षभर मनातल्या मनात तुमच्याशी भांडतेय, आज कागदावर भांडते!

पहिलं भांडण हेच. मांडवाचा एवढा धंदा उभा केलात, मनवेलपाड्यापासून गासपर्यंत लग्न म्हटलं की लोक तुमचं नाव घ्यायचे, पण तुमच्यामागे तो कोणी बघायचा ते काही ठरवलं नाहीत. टेम्पोत कोणाला कोणाशेजारी बसवायचं, कोणाला रागावलेलं चालतं, कोण रागावल्यावर जेवतच नाही, सगळं तुमच्या डोक्यात. विचारलं की म्हणायचात, "तुला कशाला त्रास?" मग आता जो होतोय तो काय आहे?

अधूनमधून बोलायचात तेवढं मात्र मी धरून ठेवलंय. काम झालं का असं विचारू नये, काय अडलंय ते विचारावं. ओरडायचं तर टेम्पोच्या मागे नेऊन, शाबासकी द्यायची तर सगळ्यांसमोर. ऐकायला किती सोपं! राग आला की मला टेम्पो आठवतच नाही.

आणि तुमची ती पंगत. मांडव पुरा झाला की गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याआधी आपली माणसं पाहुण्यांसारखी खुर्च्यांवर बसायची, पाव-उसळ खायची. तुम्ही मात्र मागच्या कोपऱ्यात, सगळ्यात वाईट जागी. एकदा मी हटकलं, मालक ना तुम्ही, पुढे बसा की! तर म्हणालात, "पुढून सगळंच चांगलं दिसतं गं." तिथून खाता खाता तुम्हाला ढिली दोरी दिसायची, डोळ्यांवर येणारा दिवा दिसायचा. आणि पोटात चार घास गेले की माणसंही आपणहून सांगायची, शेठ, हा खांब मला बरा वाटत नाय.

तुम्ही गेल्यावर विनायक भावोजींनी धंदा हातात घेतला. वाईट नाहीत हो ते, तुमचेच भाऊ. पण कामं वाढवली, मोबाइलवर ग्रुप केला आणि हुकूम तिथूनच सुटायला लागले. पंगत तर लगेच बंद. "वहिनी, तेवढ्या वेळात दुसरा मांडव उभा राहतो."

मागच्या आठवड्यात गासला हळदीच्या मांडवात पंखा खाली आला. कोपऱ्यातल्या खुर्चीवर! नवरीची आजी नुकतीच हात धुवायला उठली होती, म्हणून वाचली. भावोजींनी सगळ्यांदेखत दामूला फैलावर घेतलं. तुमचा दामू, आपल्या लग्नाच्या आधीपासून तुमच्याबरोबर असलेला. तो तिथून तडक निघाला. घरी आला आणि गोदामाच्या किल्ल्या माझ्यासमोर ठेवल्या. "वैनी, मी आता येनार नाय. पंखा माझ्याच हातचा, ते मान्य. पन त्या खुर्चीत आपला कोन बसलाच नव्हता ना."

दामू गेला की बाकीचे थांबत नाहीत, हे भावोजींनाही ठाऊक. परवा म्हणाले, सामान विकून मोकळे होऊ. त्या रात्रीपासून माझ्या डोळ्याला डोळा नाही.

आज संध्याकाळी खाली आवाज आले म्हणून गेले, तर शिडीवर दामू. "शेटसाठी आलो, धंद्यासाठी नाय," तोंडावर म्हणाला. मांडव झाला, माणसं चपला शोधायला लागली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बसा. खाऊन जा." पाव मागवले, घाईघाईत बटाट्याची भाजी टाकली.

मी ताट घेऊन पुढच्या ओळीत बसायला निघाले, तर दामूने मागच्या कोपऱ्यातली खुर्ची ओढली, टॉवेलने पुसली. "वैनी, तुमी इकडं."

बसले. अहो, काय भिकार जागा ती! वारा नाही, समोरचं अर्धं दिसत नाही. इतकी वर्षं तुम्ही इथे बसून जेवलात? मला भरून आलं. ते लपवायला मान वर केली, तर डोक्यावरचा पंखा थरथरत होता.

"दामू, हा पंखा हलतोय."

तो ताट ठेवून उठला, पाना घेऊन शिडी चढला. खाली उतरल्यावर मी किल्ल्या पुढे केल्या. त्याने घेतल्या नाहीत. "बगू," एवढंच म्हणाला आणि गेला.

दामू येवो न येवो, उद्या भावोजींना सांगणार आहे, सामान विकायचं नाही. आपल्या नावाच्या मांडवात आधी आपली माणसं जेवतील आणि कोपऱ्यात मी बसेन. एवढा शब्द देते. बाकीचं जमेलच असं नाही हो, मला फार भीती वाटते.

उद्या तुमचं पान पहिल्या ओळीत मांडते. आता तरी पुढे बसा.

तुमचीच,
सुलभा