शरदातला मध

बोहिन्य, ९ एप्रिल

प्रिय बाबा,

हे पत्र पोस्टात पडणार नाही, म्हणूनच खरं लिहिते.

काल इस्पितळात तुम्ही विचारलंत, "माझ्या मधमाश्या कशा आहेत गं?" मी म्हटलं, "मजेत." तुम्ही लगेच शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला सांगितलंत, "एवढ्या बर्फात माझ्या येर्कानं तिन्ही पेट्या जगवल्या!"

एकही जगली नाही, बाबा. शरदातला मध माश्यांच्या हिवाळ्याचा, त्याला हात लावायचा नाही, असं तुम्ही इस्पितळात जाताना बजावलं होतंत. आपल्या धाकट्या नेझाच्या लग्नात पाहुण्यांना द्यायला मी तोही काढला. त्याच्या बदल्यात माश्यांना साखरपाणी उद्या ठेवू, परवा ठेवू म्हणता म्हणता थंडी पडली. फेब्रुवारीत पेट्या उघडल्या, तर साऱ्या माश्या रिकाम्या कप्प्यांत डोकी खुपसून मेलेल्या. थंडीनं नाही, भुकेनं.

शेजारचे लोयझेकाका म्हणाले, "रडतेस काय? माझी तीन मोहोळं तुमच्या पेट्यांत घालू. तुझ्या म्हाताऱ्याला काय कळतंय!"

तुम्हाला पहिल्याच दिवशी कळेल, हे मला ठाऊक आहे. तरी मी हो म्हटलं.

रविवारी तुम्ही घरी याल, नेहमीसारखी टोपी काढून पेट्यांपुढे उभे राहाल. मी मागेच असेन. तेव्हा माझ्याकडे वळून बघू नका.

तुमची,
येर्का