खालून तिसरं चाक

१६ जाने., शुक्रवार
क्लब हरला. २–०. सुधीरचा फोन नाही. जिंकले की फोन करतो, हरले की दोन दिवस गप्प. पोरगा ब्राझीलमध्ये खेळाडूंचे पाय सांभाळतो. फिजिओ. गोल खाणारे दुसरेच. पण गप्प हा बसतो आणि बी.पी. माझं वाढतं.
संक्रांतीचा मांजा अजून दारातल्या तारेला लोंबतोय. कुणाचा तरी गळा कापेल. दोनदा बांबूने काढायला गेलो, निघत नाही. सौ. म्हणाली, "अहो, पडाल. तो गळा तुमचाच असेल."

१८ जाने., रविवार
शेजारचे मीणाजी सकाळी फोन घेऊन आले. तेही रेल्वेतलेच, इंजिन चालवायचे. मला बघून म्हणाले, "पाटीलजी, आपका ब्राज़ील नीचे खिसक रहा है." मी म्हटलं, "हमारा नहीं, सुधीर का." ते म्हणाले, "एक ही बात है, चेहरा तो आपका उतरा है."
त्यांनी तक्ता दाखवला. तिकडची अक्षरं वाचता येत नाहीत. मी सातवी पास, तीही भुसावळच्या शाळेत. पण क्लबचं चिन्ह ओळखतो. पंख लावलेलं रेल्वेचं चाक. मीणाजी तक्ता वरून मोजतात, मी खालून. शेवटचे दोन क्लब खालच्या वर्गात जातात. आपलं चाक खालून तिसरं.

२० जाने.
झोप नीट नाही. सुधीर गेल्या महिन्यात म्हणाला होता ते डोक्यात फिरतंय. "बाबा, क्लब टिकला तर मला वर्षाचा करार देणार आहेत. खाली गेला तर एप्रिलपासून क्लबला कुलूप. मग मी परत येतो." परत येतो हे असं म्हणाला, जसं कुणी दवाखान्यात भरती होतो म्हणतं.
त्याचं इथलं क्लिनिक बंद पडलं तेव्हाचं आठवतं. खोलीचं दार लावून बसायचा. ताट बाहेर ठेवायचो, तसंच उचलायचो. मी दाराशी उभा राहून आत पंखा चालू आहे ना ते ऐकायचो. चालू असला तरी भीती, बंद असला तरी भीती.

२२ जाने., गुरुवार
जिंकले! १–०. फोन आला. खूप बोलला. पाठीमागे आरडाओरडा, गाणी. म्हणाला, "बाबा, कुंपणाला टेकून म्हातारे उभे असतात, कानाला रेडिओ लावून. मॅच सुरू व्हायच्या आधीच रडायला लागतात, आता हरणार म्हणून. सगळे तुमच्यासारखे."
सौ. ने फोन घेतला. "जेवलास का?" आणि मग, "कधी येतोस?" तो हसला नुसता.
काल मी माकडटोपी घालून झोपलो होतो. लक्षात ठेवायला हवं.

२५ जाने., रविवार
सुधीरला क्लबचा इतिहास विचारला. त्याला बरं वाटलं. त्या गावाचं नाव माझ्या तोंडात बसत नाही, मी भुसावळच म्हणतो. तेही जंक्शनच होतं. वर्कशॉपातल्या फिटर आणि त्यांच्या हाताखालच्या खलाशी लोकांनी क्लब काढला. मालगाड्यांच्या यार्डाशेजारी मैदान. पहिले शर्ट सिग्नलच्या हिरव्या झेंड्यांच्या कापडाचे शिवले, म्हणून आजही रंग हिरवा. एकदा मोठ्या शहरातला नामांकित क्लब तिथे येऊन हरून गेला. ती मॅच पाहिलेले दोघेच जिवंत आहेत. दोघांना गोल कुणी मारला ते वेगवेगळं आठवतं, म्हणून एकमेकांशी बोलत नाहीत.
मग लाईन बंद झाली. वर्कशॉप गेलं. क्लबही मधे बरीच वर्षं बंद. गावातल्या दुकानदारांनी परत उभा केला. रूळ उखडले, चाक शर्टावर राहिलं.
मी की-मन होतो. रोज लाईन चालायची, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या हातोड्याने ठोकायच्या, सैल असेल ती बसवायची. रूळ उखडले हे ऐकून कसंसंच झालं. इतक्या लांबचे रूळ, मला काय त्याचं. पण झालं.

२९ जाने.
हरले. ३–१. टोपी घातली होती. टोपीचं काही खरं नाही.
सौ. ने शिरा केला. म्हटलं आज काय? म्हणाली, "रवा पडून होता."

१ फेब्रु., रविवार
नवस बोललो. देवीआईला. क्लब टिकू दे, पाच नारळांचं तोरण, आणि गावी जाऊन ओटी. कुणाला सांगितलं नाही, नवस बोलून दाखवायचा नसतो. सौ. बाजारात गेली असताना तिच्या जुन्या पिवळ्या खणाचा तुकडा फाडला, त्यात रुपया बांधला. देव्हाऱ्यात देवीच्या टाकाच्या मागे ठेवायला गेलो तर तिथे आधीच एक पुरचुंडी! त्याच खणाची. ती माझ्या आधीच नवस बोलली होती.
डोळे भरून आले. मला वाटायचं, या बाईला क्लबचं काही पडलेलं नाही. दोघांचा नवस म्हटल्यावर आईला ऐकावंच लागेल. माझी तिच्याशेजारी ठेवली.

२ फेब्रु.
बऱ्याच दिवसांनी गाढ झोपलो.

५ फेब्रु., गुरुवार
हरले. चाक खालून दुसरं.
शिरा.

९ फेब्रु., सोमवार
बरोबरी, १–१. फोन नाही, शिराही नाही. मीणाजी म्हणाले, "ड्रॉ का मतलब, न मातम न मिठाई."
शिऱ्याचं मनात आलं. नको ते मनात आलं. तिला विचारावं का? नवस विचारायचा नसतो.

१२ फेब्रु.
हरले. सकाळी स्वयंपाकघरातून तुपाचा वास. मी गॅस बंद केला. म्हटलं, "पोरगा तिकडे तोंड लपवून बसला असेल, आणि तू रवा भाजतेस?"
ती म्हणाली, "भाजते. पोरगा घरी येणार म्हणून भाजते."
"म्हणजे तू नवस..."
"क्लब जाऊ दे खाली, माझं लेकरू घरी येऊ दे. बोलले मी. काय चुकलं? बोलून दाखवायचा नसतो म्हणून दाखवला नाही."
मी पाटावर बसलो. म्हटलं, मी टिकण्याचा बोललोय. त्याच आईला.
तिने कढई खाली उतरवली. मग म्हणाली, "आता त्या आईने करायचं काय?"
शिरा झाला नाही. रवा अर्धवट भाजलेला तसाच आहे.

१३ फेब्रु.
बोलत नाही आम्ही. औषधाची गोळी मात्र ताटाशेजारी ठेवते.

१४ फेब्रु., शनिवार
तीच बोलली. "तिकडे आजारी पडला तर पाणी कोण देईल?" मी म्हटलं, इकडे दार लावून बसला तर पाणी आत कोण नेईल? ती म्हणाली, "मी नेईन. दार तोडून नेईन. तुम्ही नुसते बाहेर उभे राहायचात."
खरं आहे. उभाच राहायचो.
माझं खरं की तिचं? माझ्याही मनात येतं, दारात रिक्षा थांबली, बॅग घेऊन सुधीर उतरला. किती बरं वाटतं. आणि मग ते दार दिसतं.

१७ फेब्रु.
जिंकले. ४–२. व्हिडिओवर फोन केला. मैदान दाखवलं. हिरव्या शर्टातला एक दात पडलेला म्हातारा सुधीरच्या गळ्यात हात टाकून नाचत होता. सुधीर त्याला त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला आणि दोघं हसून वाकले. असा हसताना तो शाळेत असताना पाहिला होता.
म्हाताऱ्याने मला हात केला. मीही केला. ओरडून काहीतरी म्हणाला. सुधीरने सांगितलं, "विचारतोय, तुम्हीही रेल्वेतलेच का?" मी मूठ दाखवली, हातोडा धरल्यासारखी. त्याला कळलं.
सौ. मागे उभी होती. कधी येतोस विचारलं नाही.

१९ फेब्रु., गुरुवार
शेवटची मॅच शनिवारी. आपल्याकडे निकाल रविवारी सकाळी कळणार. आता चाक दुसरं. जिंकले तर तिसरं, टिकले. नाहीतर गेले खाली. मीणाजींनी दोनदा समजावलं. म्हणाले, "सुधीर खेलने थोड़ी जा रहा है, आप पानी पीजिए."
सुधीरचा निरोप: "बाबा, रविवारी फोन करीन. काहीही झालं तरी करीन."
म्हणजे या वेळी फोन वाजला म्हणून काही कळायचं नाही.

२१ फेब्रु., शनिवार
सौ. ने देव्हारा घासला. टाक, घंटी, सगळं बाहेर काढलं, पुसलं, मांडलं. संध्याकाळी मला हाक मारली. तळहातावर दोन पुरचुंड्या.
"अहो, यातली माझी कोणती?"
एकाच खणाची, रुपयाही सारखाच. मी एक घेतली, दुसरी घेतली. गाठ पाहिली. गाठही तशीच.
म्हटलं, "कशाला हवी आहे तुला?"
"सोडणार होते माझी."
"नवस मागे घेता येत नाही."
"माहितीये." मग हळूच, "त्या दिवशी हसला ना, तेव्हापासून... पण आला तर मला आनंदच होईल हो. खोटं कशाला बोलू?"
मी म्हटलं, मलाही होईल. हे तिला पहिल्यांदाच सांगितलं.
दोन्ही परत टाकामागे ठेवल्या. काहीही झालं तरी एक नवस फेडायचाच आहे. गावी जायचंच. तिकिटाचं मीणाजींना विचारू.

२२ फेब्रु., रविवार
पाचलाच उठलो. सौ. माझ्या आधी. आंघोळ करून देव्हाऱ्यासमोर. चहा झाला. मीणाजींना काल सांगितलं होतं, आज येऊ नका, आधी सुधीरकडून ऐकू दे. तरी त्यांच्या गच्चीकडे दोनदा पाहिलं. गच्चीवर ते उभे होते. मला पाहून पाठ केली. पाठीवरून काही कळत नाही.
बी.पी.ची गोळी घेतली. परत घेतली नाही ना? डबीतल्या गोळ्या मोजल्या. नाही घेतली.
मांजा रात्रीच्या वाऱ्याने खाली आला. गुंडाळून ठेवला.
बसवत नाही म्हणून लिहितोय. ओट्यावर रव्याचा डबा काढून ठेवलाय तिने. म्हटलं, हा कशासाठी? म्हणाली, "आज कसंही झालं तरी करणारच."
फोन वाजतोय. आतल्या खोलीत. सौ. फोनजवळच बसली आहे.
"अहो, सुधीरचाय."
"मग घे की."
"तुम्ही घ्या."
वाजतोय अजून. मी उठतो. या वेळी दाराबाहेर उभं राहायचं नाही.