तारासच्या ट्रकची वायर

बाबा,

काल संध्याकाळी अंगणात तीन गाड्या, थंडीत इंजिन गोठू नये म्हणून हीटरची वायर घराच्या प्लगला लावून उभ्या होत्या: तुमची, माझी आणि तारासची. आपल्या दोघांना सकाळी निघायचंच असतं. तारास तुमच्याशी भांडून घर सोडून गेला त्या नोव्हेंबरपासून त्याचा ट्रक मात्र जागचा हललेला नाही. तरी तुम्ही त्याचं इंजिन रात्रभर गरम ठेवता. त्यात सात युनिट जातात, आणि आपल्या सास्काटून शहराची वीज अजून बरीचशी कोळसा नि गॅस जाळूनच येते.

म्हणून रात्री तिन्ही वायरींना टायमर लावले. निघण्याआधी चार तास इंजिन गरम केलं की पुरतं.

जेवताना टायमरचं सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "लारिसाबाई, पदवी घेतलीत म्हणून थंडी तुम्हाला घाबरते होय? आणि पोरगा मध्यरात्री आला तर?"

आला तर आधी घरात येईल, बाबा. बोर्श्टचं सूप फ्रीजमध्ये आहे, तेवढं गरम करून द्या. त्याची वायर मी काढलेली नाही, काढणारही नाही.

आज सकाळी बाहेर उणे एकतीस होतं. तारासच्या ट्रकने दोन युनिट घेतली आणि तो पहिल्याच किल्लीला सुरू झाला.