दोन सेलचा बल्ब

मालेगाव, ता. १२ नोव्हेंबर १९५४

ती. पंचफुलाबाईले बबनचा शि. सा. न. वि. वि.

पयले कबूल करतो, खबरबात मंग. मी दौलतच्या बॅटरीतला बल्ब चोरला. चोरला म्हणजे बदलला. त्याचा माह्या दोन सेलच्या बॅटरीत घातला, अन माहा त्याच्या तीन सेलच्या बॅटरीत.

काकाच्या या दौलतले साखरपुड्यात सासऱ्यानं ते चकचकीत बॅटरी देली. तवापासून बाबाले दुसरं काई दिसतच नाही. दरसाल जवारी राखाले रातच्या जागलीले मी जातो. औंदा बाबा म्हणे दौलत जाईन, तुह्या बॅटरीचा उजेड वावराच्या धुऱ्यालोक बी जात नाही. मायनं तं माह्यी गोधडी बी त्याले देऊन टाकली.

दोन सेलचा बल्ब तीन सेलवर लावला का फट्टकन उडते, हे म्या दुकानात पाह्यलं होतं. म्हटलं, चार माणसाइत याची फजिती होऊ दे. पण मिरवू मिरवू त्याचे सेल उतरले होते. बल्ब उडाच्याऐवजी असा पांढराफेक पेटला का मोटरीचा दिवा झक मारन. त्यात हा कंजूष, बटन दाबते न सोडते, मनून उडतच नाही. बाबानं त्याची पाठ थोपटली. अन माह्या बॅटरीत त्याचा बल्ब विझत्या बिडीवानी लाल. पोट्टे मले हसून राह्यले. माह्या बल्बावर तो मिरवते, अन मले तोंड उघडता येत नाही.

भाऊजीले रामराम. माया पातळ होऊ देऊ नको.

तुहा बबन

धनज, ता. १७ नोव्हेंबर १९५४

चि. बबनले अनेक आशीर्वाद.

तुह्यं पत्र वाचून पयले लय हसली. लहानपणी दौलतले गोवर निघाला, सारे त्याच्याच उशाशी बसत, तं तू आंगाले कुंकवाचे ठिपके लावून झोपला होता. तसाच राह्यला तू.

मंग हसू गेलं. मांगच्या हप्त्यात इथं शेजारच्या सोमलाची मांडी रानडुकरानं फाडली. दौलत वावरात एकटा असते. डुक्कर समोर असतानी तुहा बल्ब उडाला तं? मोठ्या उजेडातून अंधारात माणूस आंधळाच होते. पत्र भेटल्याबरोबर बल्ब बदल अन मले कळव. तवर माह्या घशाखाली घास उतरत नाही. त्याच्यावर जळ, पण त्याचा जीव नको घेऊ.

माय-बाबाले नमस्कार सांगजो. रागावली तरी तुह्यीच,

पंचफुला

मालेगाव, ता. २३ नोव्हेंबर १९५४

ती. बाईले बबनचा शि. सा. न. वि. वि.

पत्र भेटलं तसाच माह्यी बॅटरी घेऊन दिवेलागणीले वावरात गेलो. बल्ब बदलाचा मोका पाहून राह्यलो होतो, तं जवारीत खसखस झाली. दौलत जागलीच्या माळ्यावरून उतरला, मी त्याच्या मांगं. त्यानं बटन दाबलं, तं डुक्कर पुढ्यातच, मनून या खेपी बटन सोडलंच नाही. अन तवाच बल्ब उडाला. डोळे असे दिपले का आपला हात दिसे ना. मी बोंबललो. दौलतनं मले चाचपून धरलं, पयले माळ्यावर ढकललं, अन सवता चढता चढता घसरला. डुक्कर पळालं, पण त्याचं मनगट मुरगळलं.

मंग त्यानं माह्यी बॅटरी मांगतली. तो लाल उजेड त्यानं पयले आपल्या उडालेल्या बल्बावर पाडला, नंतर माह्या तोंडावर. मंग म्हणे, "बबन्या, माहा बल्ब दे."

म्या काढून देला.

सकाळी मले वाटलं, आता बाबा माह्यी चामडी सोलते. पण दौलतनं सांगतलं का बॅटरी त्याच्याच हातून पडली, मनून बल्ब गेला. बाबानं त्याले साऱ्याइसमोर बेफिकीर म्हटलं अन जागल मले देली. मायनं गोधडी आणून देली. दौलतनं तं आपली बॅटरीच माह्या हातात ठेवली. मले जे पायजे होतं ते सारं भेटलं, बाई, अन तरी माह्या पोटातली आग जात नाही. माफ कराचं बी त्याले माह्यापेक्षा चांगलं जमते.

लोभ जसा आहे तसाच राहू दे. अन पाया पडतो, यातलं कोणाले सांगू नको. बाबाले नको, मायले नको. दौलतले तं मुळीच सांगू नको का मले वाईट वाटून राह्यलं. त्याले तेवढं समजलं, तं मले जवळ घेईन, अन मंग मले त्याच्यावर जळता बी येणार नाही.

तुहा बबन