समुद्रावर बोलू

११ मार्च, बुधवार

बॅग भरून झाली. म्हणजे त्याने भरली! मी पलंगावर बसून नुसते हुकूम सोडत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या ऑफिसच्या सहलीला हा पहिल्यांदाच येतोय. दरवेळी काहीतरी निमित्त काढून अंग काढून घ्यायचा. यंदा मात्र शर्टाच्या घड्या घालताना गुणगुणत होता. ते गुणगुणणं मला अजिबात आवडलं नाही.

कारण उघड आहे. हा तांत्रिक शाळेत मुलांना लेथ मशीन शिकवतो. लांबच्या एका गावात नवी शाळा निघतेय, तिथलं वर्कशॉप उभं करायला याला बोलावलंय. दोन वर्षं तिकडेच राहायचं. मंगळवारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. माझी नोकरी इथे, ती सोडणं शक्य नाही. म्हणजे तो तिकडे आणि मी इकडे.

पत्र आलं तेव्हा मी म्हटलं होतं, तुझं तू ठरव.  काल तो म्हणाला, "समुद्रावर बोलू. निवांत."

इथे लिहायला काय जातंय — त्याने जाऊ नये. मला नकोय ते! पण तसं तोंडाने म्हटलं की हा लगेच राहील, आणि मी त्याच्या आड आले हे जन्मभर मला खात राहील. तेव्हा त्याचं त्याने ठरवावं, आणि नाही असंच ठरवावं. असा माझा कारभार.

१२ मार्च, गुरुवार

पोचलो. खोली झकास. खिडकीतून समुद्र, पलंगावर टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच लावून बसलेले. याने त्यांना अलगद उचलून टेबलावर ठेवलं, मोडवेना म्हणे.

आमचा अख्खा विभाग जोडीने आलाय. विभाग तक्रारींचा. फ्रिज बंद पडला, वॉशिंग मशीन गळायला लागलं की लोक फोनवर ज्यांच्यावर तोंडसुख घेतात ते आम्ही. आमच्यात एक जुनी रीत आहे. गिऱ्हाईक कितीही अंगावर आलं तरी फोन ठेवायची परवानगी नाही. मग आपला तळहात डोक्यावर ठेवायचा. ज्याचा फोन मोकळा असेल त्याने धावत यायचं, फोन हातातून घ्यायचा आणि म्हणायचं, मी वरिष्ठ बोलतोय. का, कशाला, कोणी विचारत नाही. सगळ्यात जास्त धावते ती माझ्या शेजारच्या टेबलावरची सायरन. आवाजावरून नाव पडलंय, तिलाही ते आवडतं.

चहानंतर आम्ही दोघंच वाळूतून चाललो होतो. ऊन होतं, पण वारा छान. हा थांबला आणि म्हणाला, "ऐक ना, त्या कामाचं सांगायचंय तुला."

आणि माझा हात गेला डोक्यावर! शप्पथ, मी नेला नाही, गेला. सवय मेली. बघते तर सायरन ओल्या वाळूतून धापा टाकत येतेय. आली ती थेट याच्या दंडाला धरून, चला भाऊजी, पत्त्यांना एक भिडू कमी पडतोय. हा बिचारा माझ्याकडे वळून वळून बघत तिच्यामागे गेला.

मला हायसं वाटलं. लिहिताना लाज वाटतेय, पण वाटलं.

१३ मार्च, शुक्रवार

सकाळी मी झोपेत असताना हा बाहेर जाऊन टोपी घेऊन आला. गवती, रुंद काठाची. म्हणाला, काल तू डोक्यावर हात धरून उभी होतीस, ऊन लागत असेल.

काय बोलणार! घातली. छान दिसते म्हणाला. दिसतही होती.

दुपारी जेवायला आम्हाला झाडाखालचं टेबल मिळालं, दोघांपुरतं. फळं कापता कापता त्याने पुन्हा सुरुवात केली. मी खूप विचार केला, वगैरे. चेहऱ्यावर ते परवाचं गुणगुणणं होतं. माझी पाचावर धारण बसली. आता हा म्हणणार, मी जातोय. आणि मी म्हणणार, अरे वा, छान. आणि मग संपलंच सगळं.

मी टोपीवर हात ठेवला.

आज हात आपोआप गेला नाही. मी ठेवला. सायरन ताट घेऊन आमच्याच टेबलावर येऊन बसली आणि आपल्या सुनेचं पुराण लावलं. त्याने सुरी खाली ठेवली आणि ऐकत राहिला, मान डोलावत. तो चांगला ऐकतो. हेही कधी त्याला सांगितलेलं नाही.

१४ मार्च, शनिवार

हा सगळ्यांचा लाडका झालाय. पायडल मारायच्या होडीची साखळी निसटली होती, ती याने गुडघाभर पाण्यात उभं राहून बसवली. साहेब मला म्हणाले, कुठे लपवून ठेवलं होतंत हो यांना? मी हसले.

१५ मार्च, रविवार

बसमध्ये लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येतंय. हा पुढे ड्रायव्हरजवळच्या सीटवर बसलाय. म्हणाला, मागे पोटात ढवळतं. याच्या पोटात आजवर कधी ढवळलेलं नाही.

कालचं लिहायलाच हवं. संध्याकाळी लाकडी धक्क्यावर आम्ही पाय सोडून बसलो होतो. त्याने माझा हात हातात घेतला. लोकांसमोर हा कधी असं करत नाही! म्हणाला, आता मात्र ऐकूनच घे, तुला बरं वाटेल असं आहे. मला बरं वाटेल म्हणजे काय, दर महिन्याला येईन, रोज फोन करीन, हेच ना? नको होतं मला ते. हात तर त्याच्या हातात होता. मी दुसरा वर नेला.

या वेळी खुद्द साहेब आले! चेंडू काखोटीला मारून. चला, एक डाव होऊन जाऊ दे. साहेबांना नाही कसं म्हणणार? हा उठला.

जेवताना सगळे रंगात आले होते. सायरनला तर चेव चढला होता. म्हणाली, भाऊजी, तुम्हाला एक गंमत सांगते, आणि ती रीत सांगितली. अगदी करून दाखवली, डोक्यावर हात ठेवून, डोळे फिरवून. "या तीन दिवसांत तुमच्या बायकोने आम्हाला तीनदा धावायला लावलं!"

तिच्या मनात काही नव्हतं. टेबल हसून हसून लोळायचं बाकी होतं. हाही हसला. सगळ्यांत जास्त हसला. मग पाण्याचा ग्लास पुढे ओढला आणि फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, "तिन्ही वेळा मीच होतो?"

मी हो म्हणाले. खोटं बोलले असते तर बरं झालं असतं का? नाही. खरं तर तेव्हाच उठून त्याला बाहेर न्यायला हवं होतं आणि सगळं सांगायला हवं होतं. मी आणखी भात वाढून घेतला.

खोलीत आल्यावर तो कपडे भरत होता.  मी म्हटलं, काय सांगायचं होतं तुला? म्हणाला, "राहू दे आता."

टोपी त्याने नीट माझ्या बॅगेत ठेवलीय, काठ दुमडणार नाही अशी.

१६ मार्च, सोमवार

ऑफिस. सायरनने डोक्यावर हात ठेवला आणि मी जागची हलले नाही. ती रागावलीय.

दिवसभर डोक्यात एकच वाक्य. जाऊ नकोस. दोनच शब्द तर आहेत! दिवसभर परक्या लोकांची समजूत काढते मी, वीट येईपर्यंत ऐकून घेते त्यांचं, आणि घरातल्या माणसाचं एक वाक्य मला ऐकवलं नाही. घाबरट आहे मी. माझ्याइतकी घाबरट बाई नसेल.

राहिला तर मी आड आले असं होईल, हे सगळं थोतांड. त्याने विचारलं होतं का मला, तू आड येतेस का म्हणून? मीच ठरवलं, मीच शहाणी.

तो उशिरा आला, जेवला, झोपला. उद्या सकाळी चहाच्या वेळी सांगणार. कळवायची शेवटची तारीख उद्याच आहे, अजून हातात आहे.

१७ मार्च, मंगळवार

सांगितलं. जाऊ नकोस म्हटलं. त्याने कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं.

त्याने सहलीला निघण्याआधीच त्यांना नाही म्हणून कळवलं होतं. तेच मला समुद्रावर सांगायचं होतं.

"काल त्यांना पुन्हा फोन केला," म्हणाला. "जागा अजून भरलेली नाही. पहिल्या तारखेला हजर व्हायचंय."